फोनचा ब्रँड बदलताय? जुना फोन लगेच रिसेट करू नका

आमच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कुठली कंपनी बेस्ट?" आणि खरं सांगायचं तर विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, आमच्या तोंडून फक्त "हो" ऐकायचं असतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या एका गोष्टीची. जुन्या कंपनीवर वैतागून लोक नवीन कंपनीचा फोन घ्यायला येतात आणि येताना जुना फोन घरीच साफ पुसून आणतात, "आम्ही रिसेट करून आणलाय, तुमचं काम वाचवलं" असं वर कौतुकाने सांगतात. मग दोन दिवसांनी परत येतात, चॅट गेल्या, बँकेचं अ‍ॅप उघडेना, आणि दोष कुणाला तर नवीन कंपनीला. हे माहितीपत्रक त्यासाठीच आहे. पण आधी एक ग्राहक एकाच कंपनीला इतका का चिकटतो ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की बदलताना नक्की काय सुटतं तेही कळतं.

फीचरमुळे चिकटतो असं आम्हाला नाही वाटत. आजकाल एका रेंजमधल्या फोनमध्ये कागदावर फार फरक राहिलेला नाही. चिकटवतात ती बोटं. मागे जायला कुठून स्वाइप करायचं, सायलेंटचं बटण कुठे, स्क्रीनशॉट कसा काढायचा, हे तुम्ही डोक्याने करत नाही, बोटं आपोआप करतात. कीबोर्डचंही तेच, त्याने तुमच्या नातेवाइकांची नावं, तुमच्या नेहमीच्या चुका, तुमचं अर्धं मराठी अर्धं इंग्रजी सगळं शिकून घेतलेलं असतं आणि नवीन फोनवर तो कोरा असतो, म्हणून पहिले काही दिवस टायपिंग चुकत राहतं आणि आपण म्हणतो "हा फोनच बेकार". कॅमेऱ्याची गंमत तर वेगळीच. प्रत्येक कंपनी फोटोवर आपापल्या पद्धतीने प्रोसेसिंग करते, कुणी चेहरा उजळ करतं, कुणी रंग गडद करतं. चार वर्षं एकाच फोनवर स्वतःचा चेहरा बघितला की तोच आपला खरा चेहरा वाटायला लागतो आणि दुसऱ्या फोनवरचा फोटो बघून माणूस नाराज होतो, मेगापिक्सेल दुप्पट असले तरी. नुसतं वारंवार बघून एखादी गोष्ट आवडायला लागते हे रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवून दिलंय, त्यात फोन कुठून सुटणार.

दुसरं कारण आम्हाला एक्सचेंजच्या वेळी रोज दिसतं. आपल्या हातातली वस्तू आपल्याला जास्त किमतीची वाटते. १९९० मध्ये काहनेमन, नेच आणि थेलर या तिघांचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात अर्ध्या लोकांना साधे कॉफीचे मग दिले आणि विचारलं कितीला विकाल, उरलेल्यांना विचारलं कितीला घ्याल. ज्यांच्याकडे मग होता त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत सांगितली. आणि तो मग त्यांच्याकडे थोडाच वेळ होता! मग तीन वर्षं खिशात राहिलेल्या फोनचं काय होत असेल? म्हणून "एवढाच भाव?" असं कुणी म्हटलं की आम्हाला राग येत नाही. पण भाव आम्ही बॅटरी हेल्थ, स्क्रीन, बॉडीवरचे डेंट, आणि त्या मॉडेलला अजून किती वर्षं अपडेट मिळणार यावरच काढतो, आठवणींचे पैसे धरता येत नाहीत.

तिसरं कारण घेतल्यानंतर सुरू होतं. फोन घेतल्यावर लोक त्याच फोनचे रिव्ह्यू बघत बसतात, तुम्हीही बघितले असतील. पैसे देऊन झाल्यावर आपला निर्णय बरोबर होता हे मनाला पटवायचं असतं. लिऑन फेस्टिंगरने १९५७ मध्ये मनाच्या या ओढाताणीवर सिद्धांतच मांडला होता. मग त्यात गट पडतात. हेन्री ताजफेल यांनी शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडली असं निमित्त सांगून दोन गटांत वाटलं, आणि एवढ्या फालतू कारणावरसुद्धा मुलं बक्षिसं वाटताना आपल्या गटाला झुकतं माप द्यायला लागली. आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले यांच्या भांडणाला तर त्यापेक्षा बरीच बरी कारणं आहेत.

कंपन्यांना हे सगळं आपल्यापेक्षा चांगलं कळतं. शाओमीने २०१० मध्ये फोन विकायच्या आधी स्वतःचं सॉफ्टवेअर आणलं ते पहिल्या १०० टेस्टर्सना घेऊन, लोकांच्या सूचनांवरून दर आठवड्याला अपडेट द्यायचे, म्हणजे वापरणाऱ्याला वाटणारच ना की हे थोडं माझंही आहे. वनप्लसने २०१४ मध्ये पहिला फोन इन्व्हाइटवर विकला, पैसे असूनही मिळत नाही म्हटल्यावर ज्याला मिळाला तो आपोआप प्रचारक झाला. आणि प्रेम बसलं की लोक किती सहन करतात ते सॅमसंगच्या नोट ७ ला दिसलं. २०१६ मध्ये बॅटऱ्या पेट घेत होत्या, कंपनीने फोन परत मागवले, उत्पादन बंद केलं, विमानात न्यायला बंदी आली, तरी काही जण फोन सोडायला तयार नव्हते, शेवटी चार्जिंगच बंद पाडणारं अपडेट पाठवावं लागलं. पुढच्या वर्षी नोट ८ आला तर लोकांनी तोही घेतला.

म्हणून फॅन लोक मूर्ख असतात असं आम्ही म्हणणार नाही. ओळखीच्या कंपनीत राहायला सरळ व्यवहारी कारणं असतात. गुगलच्या पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये आणि सॅमसंगच्या एस २४ ला २०२४ मध्ये सात वर्षं अपडेट द्यायचं त्या त्या कंपनीने कबूल केलंय, असा फोन असेल तर कशाला बदलायचा. घड्याळ असेल तर आणखी विचार करा, अ‍ॅपल वॉच अँड्रॉइडवर चालत नाही आणि गॅलेक्सी वॉच ४ पासून पुढची घड्याळं आयफोनवर चालत नाहीत. एका स्टोअरवरून विकत घेतलेलं अ‍ॅप दुसरीकडे फुकट मिळत नाही, परत घ्यावं लागतं. हा हिशोब आम्ही विक्रीच्या आधी करून देतो आणि कधी कधी तो केल्यावर ग्राहक फोन न घेता फक्त बॅटरी बदलून जातो. चालतं आम्हाला, बॅटरीही आम्हीच बदलतो.

पण कायमचं एकाच कंपनीचं राहायचं ठरवलं तरी ते तुमच्या एकट्याच्या हातात नसतं. नोकियाचा ११०० हा २००३ चा फोन २५ कोटींच्या वर खपला होता, त्यांचा फोनचा धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. ब्लॅकबेरीच्या की-पॅडवर जीव टाकणारे लोक होते, ४ जानेवारी २०२२ पासून कंपनीने त्या जुन्या फोनांच्या सेवाच बंद केल्या. एलजीने २०२१ मध्ये फोन बनवणं सोडलं. कंपनी कधीतरी बदलावी लागणारच, तर नीट बदला.

आता मुख्य मुद्दा. वनप्लसने २०१४ मध्ये एक स्कीम काढली होती, जुना फोन फोडताना व्हिडिओ करा आणि नवीन फोन एका डॉलरला घ्या, निवड फक्त १०० जणांची होणार होती. तर काही बहाद्दरांनी निवड व्हायच्या आधीच फोन फोडून व्हिडिओ टाकले! घरी रिसेट मारून येणारे आमचे ग्राहक याच जातीचे, फक्त हातोडा नसतो. गुगल ड्राइव्हवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आहे म्हणून निर्धास्त असतात, पण तो बॅकअप आयफोनवर उतरत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट न्यायच्या तर मूव्ह टू आयओएस हे अ‍ॅप लागतं, दोन्ही फोन चालू आणि शेजारी लागतात, आणि हे नवीन आयफोनच्या पहिल्या सेटअपलाच करायचं असतं. म्हणजे नवीन फोनही घरी जाऊन उत्साहाने चालू करून टाकू नका, नाहीतर तो परत कोरा करावा लागतो. उलट दिशेने, आयफोनवरून अँड्रॉइडवर येतानाही आयक्लाउडचा चॅट बॅकअप चालत नाही, तिथेही जुना फोन जिवंत पाहिजे.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जात असाल, तेच गुगल अकाउंट आणि तोच नंबर असेल, तर चॅट येतात. पण सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरमधले (म्हणजे वेगळ्या लॉकखाली लपवून ठेवलेले) फोटो दुसऱ्या कंपनीच्या फोनवर आपोआप येत नाहीत, आधी बाहेर काढावे लागतात, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय ते आम्हाला दिसतही नाहीत. कंपनीच्या स्वतःच्या नोट्स अ‍ॅपमध्ये लिहिलेलं, फक्त फोनमध्ये सेव्ह केलेले नंबर, ऑथेंटिकेटरचे (लॉगिनसाठी कोड दाखवणाऱ्या अ‍ॅपचे) कोड, हे सगळ्यात जास्त सुटतं. ऑथेंटिकेटर सिंक केलेलं नसेल आणि फोन पुसला, तर प्रत्येक अकाउंटची रिकव्हरी एकेक करून करावी लागते, ते काम आम्ही करू शकत नाही. आयफोन सोडणाऱ्यांनी आयमेसेज (अ‍ॅपलची स्वतःची मेसेज सेवा) बंद करायला विसरू नका, नाहीतर आयफोनवाल्यांचे मेसेज तुमच्या नवीन फोनवर न येता तिकडेच जात राहतात.

आणि कृपा करून सेटिंगमध्ये न जाता, बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट मारू नका. अँड्रॉइड असेल तर तो नंतर जुन्या गुगल अकाउंटचा पासवर्ड मागतो, आयफोन असेल तर जुन्या अ‍ॅपल अकाउंटचा पासवर्ड मागणारा अ‍ॅक्टिव्हेशन लॉक लागतो, २०१३ पासून आहे तो. ही कुलपं चोरी रोखण्यासाठी केलेली आहेत आणि ती फोन कुणाचा हे बघत नाहीत. पासवर्ड आठवत नसेल तर तो फोन एक्सचेंजला घेता येत नाही. "बाहेर एक जण काढून देतो" असं कुणी म्हटलं तरी आम्ही असा उघडलेला फोन घेत नाही.

म्हणूनच कंपनी बदलणाऱ्यांचा जुना फोन आम्ही त्याच दिवशी घेत नाही. बऱ्याच जणांना हे टाळाटाळ वाटते, काहींना वाटतं भाव पाडायचा विचार आहे. तसं नाही, उलट आज ठरलेला भाव आम्ही बिलावर लिहून देतो आणि आठवडाभर तोच ठेवतो, मधे फोन पडला फुटला तर मात्र परत बघावं लागेल. त्या आठवड्यात दोन्ही फोन वापरा, बँकेत लॉगिन करून बघा, जुनी एखादी चॅट शोधून बघा, मग जुना फोन घेऊन या, तुमच्यासमोर अकाउंटमधून साइन आउट करून सेटिंगमधून रिसेट करू. ट्रान्सफरचे पैसे वेगळे घेतो हे खरंय, कारण डेटा जास्त असला की दोन-दोन तास माणूस त्याच कामात अडकतो. फोन आमच्याकडून घेतलेला असेल तर ते माफ.

ट्रान्सफरला येताना दोन्ही फोन फुल चार्ज करून आणा, गुगल किंवा अ‍ॅपलचा पासवर्ड घरी एकदा टाकून खात्री करून घ्या (लिहून आम्हाला देऊ नका, टाइप तुम्हीच करायचा), ओटीपी येणारं सिम चालू पाहिजे आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावरच्या फोनमध्ये असेल तर त्यांनाही सोबत आणा. घड्याळ, इअरबड्स असतील तर तेही आणा, चालतात की नाही ते लगेच बघून सांगतो. शक्यतो दुपारी या, संध्याकाळी गर्दी असते आणि घाईत हे काम आम्ही करत नाही.