मोजून दिलेला ऑक्सिजनचा तुटवडा आणि झोपेतला श्वासरोध

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला थोडा थोडा वेळ कमी ऑक्सिजनची हवा दिल्यास हालचाल सुधारू शकते, असे वाचल्यावर घरच्यांना एक प्रश्न पडतो: घोरताना ज्यांचा श्वास अडतो, त्यांच्या रक्तातला ऑक्सिजनही असाच खाली-वर होतो, मग त्यांना याचा लाभ का होत नाही? मानेतील मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याचा हा आजार, जडतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

या प्रायोगिक उपचारात सारे मोजूनमापून, जागेपणी आणि देखरेखीखाली होते. साध्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. येथे मास्कमधून सुमारे 9 टक्के ऑक्सिजनची हवा दीड मिनिट आणि मग साधी हवा एक मिनिट, अशी 15 आवर्तने दिली जातात, म्हणजे प्रत्यक्ष तुटवडा साडेबावीस मिनिटांचाच असतो. मानेतील कॅरोटिड धमनीजवळचे सूक्ष्म संवेदक तो टिपतात, मेंदूच्या बुंध्यातून आलेले चेतातंतू मज्जारज्जूत सेरोटोनिन सोडतात, त्यातून बीडीएनएफ हे प्रथिन तयार होते आणि स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशींशी उरलेले दुवे काही काळ बळकट होतात. ही साखळी मुख्यतः उंदरांच्या श्वासपटलाकडे जाणाऱ्या चेतेवरील प्रयोगांतून उलगडली. दुवे उरलेच नसतील तर बळकट काय होणार? म्हणूनच माणसांवरील चाचण्यांत प्रामुख्याने अपूर्ण इजा असलेल्यांना घेतले जाते. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका चाचणीत जुनी इजा असलेले 19 जण होते. पाच दिवसांच्या या उपचाराने त्यांचा चालण्याचा वेग वाढला, आणि चालण्याच्या सरावाची जोड मिळाल्यावर सहा मिनिटांत कापलेले अंतरही वाढले. माझ्या मते सरावाची ही जोडच या चाचणीतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

स्लीप ॲप्नियात मात्र मात्रा कोणाच्याच हाती नसते. आजार तीव्र असेल तर तासाला 30 किंवा अधिक वेळा, दर वेळी किमान दहा सेकंद श्वास अडतो किंवा मंदावतो. सात तासांच्या झोपेत असे दोनशेहून अधिक प्रसंग येतात आणि वर्षानुवर्षे येत राहतात. शिवाय रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, झोप तुटते, रक्तदाब चढतो आणि शरीरात दाह वाढतो. हा दाहच कळीचा आहे, कारण उंदरांना आठ तास अशा चढउतारांत ठेवल्यावर त्यांच्या चेतापेशींचा वर सांगितलेला प्रतिसाद दबला आणि दाहविरोधी औषध दिल्यावर तो परतला.

त्यामुळे स्लीप ॲप्निया हा या उपचाराचा सौम्य, फुकट मिळालेला प्रकार मुळीच नाही. उलट तो उपचाराच्या आड येऊ शकतो. अशा चाचणीत भाग घेऊ इच्छिणाऱ्याने घोरण्याची आणि दिवसा येणाऱ्या झोपेची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी, आणि सीपॅप यंत्र (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नये.