धाप लागते तेव्हा थायरॉईडही तपासा

पर्वतीच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली की आपण वयाला, वजनाला नाहीतर पुण्याच्या रस्त्यांवरल्या धुराला दोष देतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण एक्स-रे स्वच्छ, हृदय ठणठणीत आणि तरीही दम लागतोय, तर गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीची चौकशी व्हायला हवी. माझ्या मते ती फार उशिरा होते.

थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की श्वासपटल आणि श्वसनाचे इतर स्नायू दुबळे होतात. त्याहून काळजीची गोष्ट मेंदूत घडते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला किंवा ऑक्सिजन घटला की मेंदू श्वासाची गती वाढवतो. हा प्रतिसादच मंदावतो. जीभ आणि घसा आतून सुजल्याने झोपेत श्वासमार्ग मिटू लागतो. मग रात्री घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि दिवसभर पेंग. घरच्यांना वाटतं, आळस वाढलाय. दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं, तर क्वचित बेशुद्धी येते आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो.

संप्रेरक जास्त झालं तरी त्रास आहेच. शरीर जास्त ऑक्सिजन मागतं, स्नायू झिजतात, असलेला दमा बळावू शकतो. वाढलेली ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरली तर श्वासनलिका दाबली जाते, आडवं पडताच घुसमटतं. हा दमाच समजून पंप घेत राहणारे रुग्ण असतात, आणि पंपाने ही नलिका मोकळी होत नाही.

फुप्फुसाच्या वायुकोशांतल्या पेशींनाही हे संप्रेरक लागतं. त्याचा टी-३ हा प्रकार वायुकोशांतलं पाणी उपसायला मदत करतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना टी-३ फवाऱ्यातून दिलं, तेव्हा फुप्फुसातले व्रण कमी झाले. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचं, कामही सुधारलं. हे संशोधन २०१८मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आलं. मला ते फार आशादायक वाटतं, पण हा उंदरांवरचा प्रयोग आहे. त्यावरून कुणी मनाने थायरॉईडची गोळी सुरू करू नये. जादा मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

आयसीयूतला रिपोर्टही जपून वाचावा लागतो. गंभीर न्यूमोनियात टी-३ घटलेलं दिसतं, तेव्हा ग्रंथी बहुधा निरोगी असते. आजारी शरीरानेच त्याचं प्रमाण उतरवलेलं असतं. ग्रंथीच्या आजाराची दुसरी लक्षणं नसतील, तर डॉक्टर सहसा लगेच गोळी देत नाहीत. रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर काही आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक, पुन्हा तपासतात.