नव्या लाकडाला जुनेपणाचा रंग: काम देण्यापूर्वी एवढे वाचा

नवी फळी जुनी वाटावी अशी मागणी आली की सोबत प्रश्नही येतो, "कुठला रंग लावणार?" खरे तर आम्ही रंग लावतच नाही. लाकडातल्या टॅनिनची (चहाला तुरटपणा देणारे द्रव्य) लोखंडाशी गाठ घालून देतो आणि करडी, तपकिरी किंवा जवळजवळ काळी छटा लाकडातच तयार होते. शिरा झाकल्या जात नाहीत हा त्याचा फायदा. ठरावीक छटेची हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही.

वस्तू उघड्यावर राहणार असेल, तर या कामावर पैसे घालू नका. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर करडे तंतू उरतात. काही महिने धीर धरलात, तर तोच रंग फुकट मिळेल.

घरातल्या वस्तूंसाठी आमची पद्धत अशी: बारीक स्टील वूल (साध्या पोलादाच्या बारीक तारांचा पुंजका) साबणाने धुऊन तेलकटपणा काढायचा आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवायचे. भांड्यांची चकचकीत घासणी इथे कुचकामी, कारण न गंजणारे स्टील व्हिनेगरला दाद देत नाही. घरी करून पाहणार असाल, तर बरणीचे झाकण सैलच ठेवा. आत हायड्रोजन वायू तयार होतो; तो कोंडू देऊ नका आणि जवळपास ज्योतही नको. नंतर हे व्हिनेगर, म्हणजेच लोखंडाचे पाणी, फडक्यातून गाळून घ्या. हातमोजे घाला, डाग सहजी जात नाहीत.

ओक, अक्रोड, बाभूळ यांत टॅनिन भरपूर. या पाण्याचा हात दिल्यावर काही मिनिटांतच लाकूड काळवंडू लागते. पाइनमध्ये ते कमी, म्हणून आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्यायचा आणि तो वाळला की लोखंडाचे पाणी. त्याही आधी शिरांच्या दिशेने तारेचा ब्रश मारला, तर मऊ भाग झिजतो, कठीण रेषा वर राहतात आणि जुनेपण बोटांनाही जाणवते. आमचे मत विचाराल तर पाइनवर हा ब्रश टाळूच नये.

नमुना आम्ही तुमच्याच फळीच्या तुकड्यावर करून देतो. तो ओल्या फडक्याने पुसून पाहा. तेल किंवा वार्निश चढल्यावर रंग साधारण तसा दिसेल. पसंती त्यावरूनच ठरवा. एकाच ओंडक्याच्या दोन फळ्यांतही फरक पडतो, तो दोष धरू नये. सांध्याजवळ गोंदाचा फिकट डाग राहिला असेल, तर तो मात्र आमचा हलगर्जीपणा. हक्काने परत आणा.

रंग फार खोल जात नाही. चरा पडला तर आतले कोरे लाकूड दिसते. दुरुस्तीसाठी उरलेले पाणी जपून ठेवू नका, त्यात गंज धरतो आणि छटा तांबूस येते. ताजे पाणी आम्ही करून देऊ.