आयोवा इंटरस्टेट रेल्वे : मार्ग आणि मुलूख

आयोवा इंटरस्टेट ही अमेरिकेतील इलिनॉय आणि आयोवा या राज्यांतून धावणारी प्रादेशिक मालवाहू रेल्वे आहे. शिकागोच्या दक्षिणेचे ब्लू आयलंड हे तिचे पूर्वेकडचे टोक आणि मिसूरी नदीकाठचे कौन्सिल ब्लफ्स हे पश्चिमेकडचे. मुख्य मार्गाची लांबी सुमारे ८०० किमी. इलिनॉयमधील ब्यूरोहून एक फाटा दक्षिणेला पिओरियाकडे जातो. कंपनी १९८४ मध्ये सुरू झाली. तिचे मुख्यालय सीडर रॅपिड्स येथे असून मालकी पिट्सबर्गच्या रेलरोड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडे आहे.

अमेरिकेत ‘प्रादेशिक रेल्वे’ या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. निदान ३५० मैल (सुमारे ५६० किमी) मार्ग किंवा वर्षाला ४ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेली, तरीही पहिल्या वर्गातल्या मोठ्या कंपन्यांच्या पंक्तीत न बसणारी रेल्वे ती प्रादेशिक. दोन-चार कारखान्यांना जोडणाऱ्या छोट्या रेल्वेपेक्षा ती मोठी असते आणि देशाच्या मोठ्या भागावर पसरलेल्या कंपन्यांपेक्षा बरीच लहान. आयोवा इंटरस्टेट त्यात लक्ष वेधून घेते, कारण एका दिवाळखोर महाकाय कंपनीला न पेललेला मार्ग तिने चालवून दाखवला.

रॉक आयलंडचा वारसा

आजचे रूळ ज्या मार्गावर आहेत तो शिकागो, रॉक आयलंड अँड पॅसिफिक या कंपनीचा मुख्य मार्ग होता. लोक तिला नुसते ‘रॉक आयलंड’ म्हणत. तिची गाडी १८५४ मध्ये शिकागोहून मिसिसिपीच्या काठी पोहोचली. नदीपलीकडे मिसिसिपी अँड मिसूरी या जोडकंपनीने डेव्हनपोर्टहून पश्चिमेकडे रूळ टाकायला घेतले. पुढे ती कंपनी रॉक आयलंडमध्येच विलीन झाली आणि १८६९ मध्ये मार्ग कौन्सिल ब्लफ्सला भिडला.

तोवर उशीर झाला होता. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न तिथे दोन वर्षे आधीच पोहोचली होती आणि कालांतराने शिकागो ते ओमाहा (कौन्सिल ब्लफ्सच्या समोर, मिसूरीपलीकडचे शहर) या एकाच पट्ट्यात सहा कंपन्या एकमेकींशी झगडू लागल्या. दोन टोकांमधला लांब पल्ल्याचा माल सहा जणींत वाटला जाई, आणि रॉक आयलंडच्या पानात सहसा उरलेसुरलेच पडे. युनियन पॅसिफिक या पश्चिमेकडच्या मोठ्या रेल्वे कंपनीत विलीन होण्याचा प्रस्ताव १९६४ मध्ये सरकारी आयोगापुढे गेला. आयोगाने मंजुरी द्यायला दहा वर्षे घेतली. तोपर्यंत रूळ इतके खालावले होते की युनियन पॅसिफिकने हात काढून घेतला. मार्च १९७५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, १९७९ मध्ये संप झाला आणि ३१ मार्च १९८० रोजी तिची शेवटची गाडी थांबली. सुमारे ११,००० किमीचे जाळे विक्रीला निघाले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वे कंपन्यांना मालाचे दर ठरवण्याची मोकळीक दिली आणि नको असलेले मार्ग सोडणे-विकणेही सोपे केले. मोठ्या कंपन्यांनी टाकलेल्या मार्गांवर नव्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या त्या या काळात. आयोवात मार्गालगतच्या उद्योगांनी आणि गुंतवणूकदारांनी मिळून हार्टलँड रेल कॉर्पोरेशन स्थापन केली, तिने रूळ विकत घेतले आणि गाड्या चालवण्याचे काम आयोवा इंटरस्टेटकडे आले.

रॉक आयलंड बुडाली याचा दोष अनेकदा मार्गाच्या आखणीला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. दोन महानगरांमधला माल पळवण्याच्या शर्यतीत हा मार्ग मागे पडला, हे खरे. पण त्याची खरी मिळकत अधल्यामधल्या गावांत होती. मक्याची कोठारे, पिठाच्या गिरण्या, कारखाने, खतांची गोदामे, सगळे रुळाला लागून. नव्या कंपनीने आपला संसार याच गिऱ्हाइकांवर उभा केला.

शहरातली पाहुणी

शिकागोच्या बाजूला आयोवा इंटरस्टेट बहुतांशी दुसऱ्यांच्या रुळांवरून धावते. ब्लू आयलंड ते जोलिएट हा मार्ग मेट्रा या उपनगरी सेवेचा आहे. जोलिएटच्या पश्चिमेला काही अंतर सीएसएक्स या मोठ्या मालवाहू कंपनीचे रूळ आहेत. अशा ठिकाणी मालगाडीला दुसऱ्याच्या नियंत्रण कक्षाच्या सवडीने चालावे लागते. सकाळ-संध्याकाळी नोकरदारांच्या गाड्यांची रांग लागलेली असताना मालगाडीला पुढे सोडत नाहीत. ब्लू आयलंडला मात्र शिकागोला वळसा घालून जाणाऱ्या रेल्वे भेटतात आणि तिथे डब्यांची देवाणघेवाण होते. पूर्वेकडे जाणाऱ्या मुख्य गाडीला रेल्वेत ‘सीबीबीआय’ म्हणतात, म्हणजे कौन्सिल ब्लफ्स ते ब्लू आयलंड. उलट दिशेची ती ‘बीआयसीबी’.

पश्चिम इलिनॉयमध्ये रूळ कंपनीचे स्वतःचे होतात. याच भागात, टिस्किल्वा गावाजवळ, ७ ऑक्टोबर २०११ रोजी कंपनीची इथेनॉलने भरलेली गाडी रुळांवरून घसरली आणि टाक्यांनी पेट घेतला. पहाटेच गाव रिकामे करावे लागले. जीवितहानी झाली नाही. मालवाहू मार्ग गावांना किती लगटून जातात आणि त्यावरून काय वाहिले जाते, याचा विचार त्या घटनेनंतर टाळता येत नाही.

मिसिसिपीवरचा पूल

पूर्ण मार्गावर सर्वांत मोलाची जागा कोणती, तर इलिनॉयमधले रॉक आयलंड गाव आणि आयोवातले डेव्हनपोर्ट यांच्यामधला गव्हर्न्मेंट ब्रिज. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल १८५६ च्या एप्रिलमध्ये इथून जवळच खुला झाला. तो लाकडी होता. दोनच आठवड्यांनी, ६ मे रोजी, एफी ॲफ्टन ही वाफेची बोट त्याच्या खांबावर आदळली, बोटीला आग लागली आणि पुलाचा एक गाळाही जळाला. बोटीच्या मालकाने पूल कंपनीवर दावा लावला. १८५७ मध्ये शिकागोच्या न्यायालयात कंपनीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. पंचांचे एकमत झाले नाही. नदीवर हक्क बोटींचा की तो ओलांडण्याचा हक्क रेल्वेचाही, हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८६२ मध्ये निकाल पुलाच्या बाजूने लागला. पश्चिमेकडे जाणाऱ्या सगळ्याच रेल्वेंची वाट त्याने मोकळी केली.

आजचा पूल १८९६ चा आहे. वरच्या मजल्यावर रूळ, खालच्या मजल्यावर रस्ता. आराखडा राल्फ मोजेस्की यांचा. पूल अमेरिकन लष्कराच्या मालकीचा असून त्याचा एक गाळा नदीतल्या बंधाऱ्याच्या जलपाशावर, म्हणजे बोटींना वर-खाली करणाऱ्या लॉकवर, येतो. हा गाळा आपल्या खांबावर पूर्ण ३६० अंशांत फिरतो. धान्याचे तराफे ढकलत बोट आली की गाळा आडवा होतो आणि रेल्वे व मोटारी दोन्ही थांबतात. एकोणिसाव्या शतकातली मारामारी शेवटी अशी मिटली: पूल राहिला, पण वाट आधी बोटीला.

मक्याच्या मुलखातून

आयोवातल्या नद्या रेल्वेला आडव्या येतात. पूर्व भागातल्या आग्नेयेला मिसिसिपीकडे वाहतात, पश्चिमेकडच्या नैर्ऋत्येला मिसूरीकडे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मार्गाला म्हणून एकेका खोऱ्यात उतरावे लागते आणि पुन्हा चढावे लागते. सपाट वाटणाऱ्या या राज्यात जड गाड्यांच्या चालकांना घाम फुटतो तो याच चढ-उतारांवर.

डेव्हनपोर्टनंतर मोठे गाव आयोवा सिटी. इथे रेल्वे येण्याची कथा गाव अजून सांगते. १८५५ संपण्याआधी गाडी पोहोचली तर ५०,००० डॉलर देण्याचे नागरिकांनी कबूल केले होते. ३१ डिसेंबरच्या रात्री कडाक्याच्या थंडीत गावकरीही रूळ टाकायला धावले. स्टेशन थोडे दूर असताना इंजिन गोठले, तेव्हा पहारी लावून त्याला ढकलत मध्यरात्रीच्या आत पोहोचवले. मुदत साधली गेली.

पुढे अमाना वसाहतींचा टापू लागतो. सामुदायिक मालकीवर जगणाऱ्या या जर्मन धर्मपंथाने १८५५ मध्ये इथे पहिले गाव वसवले. काही वर्षांत रूळ शेजारच्या होमस्टेड गावी आले, तेव्हा त्यांनी १८६१ मध्ये ते गावच विकत घेतले. बाहेरच्या जगापासून अलिप्त राहणाऱ्या लोकांनासुद्धा आपली लोकर आणि कापड बाजारात पोहोचवायला स्टेशन हवे होते! आज आयोवा इंटरस्टेटचे एक मोठे यार्ड साउथ अमाना येथे आहे आणि सीडर रॅपिड्सच्या मका प्रक्रिया उद्योगांचा माल क्रँडिक या छोट्या रेल्वेमार्गे या भागात येऊन मुख्य मार्गाला मिळतो.

ग्रिनेल गावात हा मार्ग युनियन पॅसिफिकच्या उत्तर-दक्षिण मार्गाला रुळावर रूळ देऊन छेदतो. दोन्ही मार्ग एके काळी रॉक आयलंडचेच. न्यूटन हे मेटॅग कंपनीचे गाव. कपडे धुण्याच्या यंत्रांचा तिथला कारखाना २००७ मध्ये बंद झाला. एका गिऱ्हाइकावर विसंबलेल्या रेल्वेचे काय होऊ शकते, हे अशा गावांवरून कळते. आयोवा इंटरस्टेटला सावरले ते इथेनॉलने. मक्यापासून इंधन बनवणारे कारखाने मार्गालगत उभे राहिले: इलिनॉयमध्ये ॲनावन, आयोवात मेन्लो, कौन्सिल ब्लफ्सजवळही एक. इथेनॉल टाक्यांच्या डब्यांतून आणि उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून झाकणबंद डब्यांतून जातो.

राजधानी डेमॉइनमध्ये गाडी शहराच्या मध्यभागातून जाते. फाटकांजवळ सहसा भोंगा वाजवावा लागतो: दोन लांब, एक आखूड, एक लांब, गाडी फाटकात शिरेपर्यंत. खेड्यात हा आवाज शेतांवरून दूर विरतो. शहरात तो लोकांच्या खिडकीत येतो. मार्ग तोच, चालकही तेच, पण इथे वेग, आवाज आणि थांबण्याची जागा यांबद्दल शहराची मागणी असते.

रुळांचा दर्जा हा प्रादेशिक रेल्वेच्या जगण्या-मरण्याचा विषय आहे. अमेरिकी नियमांप्रमाणे पहिल्या दर्जाच्या रुळांवर मालगाडीला ताशी १० मैलच मुभा असते, दुसऱ्या दर्जावर २५, तिसऱ्यावर ४०. रॉक आयलंडच्या शेवटच्या काळात तिच्या कितीतरी मार्गांवर गाड्या १० मैलांनी रखडत. नवे स्लीपर, खडी आणि जोड न देता सलग वितळवून जोडलेले रूळ यांवर नव्या कंपनीला वर्षानुवर्षे पैसा ओतावा लागला, आणि हे काम चमकदार नसले तरी तिचे सर्वांत मोठे कर्तृत्व मी यातच मानतो.

२००६ मध्ये कंपनीने चीनमधून क्यूजे जातीची वाफेची इंजिने आणली आणि त्यांतली ६९८८ व ७०८१ ही जोडी प्रवाशांसाठी खास गाड्या ओढू लागली. एरवी, मेट्राचा भाग सोडला तर, या मार्गावर प्रवासी गाडी नाही. रॉक आयलंडची शेवटची क्वाड सिटीज रॉकेट १९७८ च्या अखेरीस बंद झाली. शिकागो ते मोलीन प्रवासी सेवा पुन्हा आणण्याच्या योजनेवर २०१० पासून चर्चा आहे.

पश्चिम टोक

डेमॉइनच्या पश्चिमेला वस्ती विरळ होत जाते. ॲडेअर गावाजवळ मार्ग दोन खोऱ्यांमधल्या उंचवट्यावर येतो. २१ जुलै १८७३ रोजी दरोडेखोर जेसी जेम्सच्या टोळीने इथे रूळ सरकवून गाडी पाडली; इंजिन चालक जॉन रॅफर्टी त्यात ठार झाले. जागेवर इंजिनाचे एक चाक स्मारक म्हणून उभे आहे. तिथून ॲटलांटिकमार्गे मार्ग मिसूरीच्या मातीच्या टेकड्यांतून उतरतो.

कौन्सिल ब्लफ्सला १८५९ च्या ऑगस्टमध्ये लिंकन आले होते आणि मिसिसिपी अँड मिसूरीसाठी या भागाची मोजणी केलेल्या ग्रेनव्हिल डॉज यांच्याकडून त्यांनी पश्चिमेच्या वाटेची माहिती घेतली. पुढे राष्ट्राध्यक्ष या नात्याने त्यांनी युनियन पॅसिफिकची सुरुवात इथूनच ठरवली. आज आयोवा इंटरस्टेटचे डबे इथे युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ या मोठ्या कंपन्यांच्या हाती जातात, आणि पॅसिफिक किनाऱ्याकडचा पुढचा प्रवास त्यांच्या इंजिनांमागे होतो.