धान्य टिकतं, पीठ टिकत नाही: रोजच्या न संपणाऱ्या कामांची पार्श्वभूमी

ज्वारी कणगीत वर्षभर राहते. कडुलिंबाचा पाला घालून, तोंड शेणमातीने लिंपून ठेवली की पुढच्या सुगीपर्यंत चिंता नसते. पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, तर त्याहूनही जास्त टिकते. पण तीच ज्वारी दळली की घड्याळ सुरू होतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेने फाटते आणि तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे होतात. ज्वारीत गव्हासारखं चिकट ग्लूटेन नसतं, त्यामुळे सगळी मदार ताज्या पिठावर आणि आधणाच्या पाण्यावर. बाजरीचं आणखी अवघड. तिच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त असतो. दळल्यावर त्याला हवा लागते आणि आठवडाभरात, उन्हाळ्यात त्याच्याही आधी, पीठ कडवट होतं.

महाराष्ट्रातल्या बायका शतकानुशतकं पहाटे उठून का दळत होत्या, याचं निम्मं उत्तर इथे आहे. रीत, शिस्त, सुनेची परीक्षा हे सगळं खरं, पण नंतरचं. आधी पिठाचा स्वभाव. महिन्याचं एकदम दळून ठेवता येत असतं, तर कोणत्याही शहाण्या बाईने तेच केलं असतं.

जात्याचं काम नेमकं काय होतं हे आता सांगावं लागतं. खालची तळी स्थिर, वरची पाळू फिरती. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने तोंडात मूठमूठ दाणे वैरायचे. जास्त वैरले तर भरड पडते, कमी वैरले तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. समोर दुसरी बाई बसली तर ओझं निम्मं होतं, म्हणून जाऊबाई, नणंद, शेजारीण अशी जोडी लागायची. दळता दळता दगडही झिजून गुळगुळीत व्हायचा. मग टकारी किंवा पाथरवट दारावर आला की छिन्नी-हातोडीने जात्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा खरबरीत करून घ्यायचा. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण माणसांनी खायचं नाही, कारण त्यात दगडाचा चुरा उतरतो. रोजच्या कामाचं हत्यारही पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येतं, ही त्यातली आणखी एक गंमत. अर्थात ओढणाऱ्या बाईला ती गंमत वाटत नसणार.

नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंच्या कथेत विठ्ठल स्वतः येऊन जात्याचा खुंटा धरतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईंचं म्हणून जातं आजही दाखवतात. कथेकडे भक्तीच्या अंगाने पाहिलं जातं, आणि ते बरोबरच आहे. तरी देवाकडे त्या बाईने काय मागितलं असेल, असा विचार लोकांच्या मनात आला तेव्हा त्यांना मोक्षाआधी दळायला जोडीदार सुचला, हे मला फार बोलकं वाटतं.

जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी पुण्यातून उभा केला. हजाराहून अधिक गावांतून जमवलेल्या एक लाखावर ओव्या त्यात आहेत. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत. माहेर, भाऊ, सासुरवास, पाऊस, विठ्ठल, बाबासाहेब असं सगळं त्यांत येतं. ओव्या जपायलाच हव्यात. जातं परत आणायची हौस मात्र मला कधी कळलेली नाही. ती बहुतेक न दळलेल्यांनाच असते.

जातं गावागावातून उठलं ते गिरणीमुळे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली निघाली. डिझेलची इंजिनं विहिरीवर आली तशी पिठाच्या गिरणीलाही जोडली गेली. त्या इंजिनाचा पुकपुक आवाज ऐकून गिरणी चालू आहे की बंद, हे घरबसल्या कळायचं. १९६० साली राज्याचं वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वीज गावोगाव पोचली, तशा विजेवरच्या गिरण्या वाढल्या. पहाटेचे दोन-तीन तास एकदम मोकळे झाले. घरकामाच्या इतिहासात इतकी मोठी सुटका फार थोड्या वेळा झाली आहे.

पण काम संपलं नाही, त्याचे तुकडे झाले. धान्य निवडणं घरातच राहिलं. चाळणं राहिलं. डबा गिरणीत नेणं, नंबर लावणं, ‘ज्वारीवर ज्वारी टाका हो, गव्हावर नको’ असं बजावणं, घट किती गेली यावरून कुरकुरणं हे नव्याने आलं. आणि एक बारीक गोष्ट घडली: दळण घराबाहेर पडल्याबरोबर पुरुष आणि पोरगे त्याला हात लावू लागले. जात्याला ज्यांनी जन्मात हात लावला नसता, ते सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून गिरणीत जाऊ लागले. रस्त्यावरचं, यंत्राजवळचं काम पुरुषाला शोभतं, चुलीजवळचं नाही, ही वाटणी त्या डब्याने उघडी पाडली. आता शहरांत घरघंटी आली आहे. गिरणीची फेरी वाचते, पण धान्य बदललं की जाळी बदलायची आणि दळून झालं की ब्रशने कोपरे झाडायचे. उरलेल्या पिठात किडे होतात.

जमिनीचंही असंच झालं. मातीची जमीन चोपण्याने चोपून घट्ट करायची आणि वर शेणाचा सारवा द्यायचा. माती वाळली की आकसते, भेगा पडतात, पायाखाली धूळ सुटते. शेणातले गवताचे बारीक तंतू ती धरून ठेवतात, पण काही दिवसच. म्हणून आठवड्याला, सणावाराला, पाहुणे येणार असले की सारवण. चुलीला मात्र रोजचं पोतेरं. मग शहाबादी फरशी आली, पुढे मोझॅकच्या लाद्या, आता पांढऱ्या टाइल्स. सारवण सुटलं. त्या जागी रोजचं पुसणं आलं, कारण मातीवर मातीचा डाग दिसत नाही आणि पांढऱ्या टाइलवर चहाचा एक थेंबही लपत नाही. आठवड्याचं काम रोजचं झालं, आणि ही प्रगती आहे याबद्दल कोणाला शंका आली नाही.

भांड्यांत तांब्या-पितळेची जागा स्टीलने घेतली. कल्हई गेली, चिंच लावून घासणं गेलं, जुन्या साड्यांवर बोहारणीकडून स्टीलचे डबे घराघरांत जमले. जमले म्हणजे घासायलाही आले.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत जोआन व्हानेक या संशोधिकेने १९७४ साली जुन्या-नव्या पाहण्या शेजारी ठेवल्या. बाहेर नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२० च्या दशकात घरकामाला आठवड्याला सुमारे ५२ तास देत होत्या. नळाचं गरम पाणी, वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर हे सगळं आल्यानंतर, १९६० च्या दशकात, हा आकडा सुमारे ५५ होता. कपडे धुण्याचा वेळ तर वाढलेला निघाला. यंत्राने एक धुणं हलकं केलं, पण घरात कपडे जास्त झाले आणि ते लवकर लवकर धुवायला पडू लागले. आपल्याकडे ५०१ बार साबण आणि धोपाटण्याच्या काळात पांघरुणं किती वेळा धुतली जात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघावं. १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये निरमा आल्यानंतर ‘स्वच्छ’ची पट्टी हळूहळू वर गेली, आणि वर गेलेली पट्टी कोणी खाली आणत नाही.

न संपणारं काम करायचं कोणी, हा प्रश्न गावगाड्याने जातीवर टाकून सोडवला होता. परीट कपडे धुवायचा, कोळी पाणी भरायचा, न्हावी हजामत करायचा, आणि मोबदला नगाप्रमाणे नव्हे तर सुगीला, खळ्यावर, धान्याच्या वाट्यात. जे काम कधी पुरं होतच नाही, त्याचा हिशेब कामागणिक कसा करणार? वर्षाचं बलुतं ठरलेलं, मग वर्षभर जेव्हा हाक येईल तेव्हा हजर. याचं सगळ्यात क्रूर रूप महार वतनात, म्हणजे महारांवर वंशपरंपरेने लादलेल्या गावकामात होतं. सरकारी निरोप पोचवणं, राखण करणं, मेलेली जनावरं ओढणं, रात्री-अपरात्री धावणं. कामाला सीमा नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं.

शहरात बलुत्याची जागा महिन्याच्या पगाराने घेतली. ‘धुणं-भांडी-केर-फरशी’ हा बोलण्यातला एकच शब्द झाला. पगार महिन्याचा, पण न येण्याचा हिशेब दिवसाचा: खाडा पडला की पैसे कापायचे. पाहुणे आले म्हणून भांडी दुप्पट झाली तर वरचे पैसे द्यायचे का, यावर घराघरांत गप्प बसण्याची पद्धत होती. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. आधी कोणी मोठी आखणी केली नव्हती, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत तो पसरत गेला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. मागण्या पगारवाढीच्या आणि सुट्टीच्या होत्या. सुट्टी ही मागणी असू शकते, याचंच त्या वेळी पुष्कळांना आश्चर्य वाटलं. कारण उष्टी भांडी सुट्टी घेत नाहीत, मग भांडीवाली कशी घेईल? घरेलू कामगारांसाठी राज्याचा कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली.

आणि पगार न घेता करणारीचं काय? इथे अर्थशास्त्राचा कारभार वाचण्यासारखा आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची संयुक्त राष्ट्रांची जी पद्धत जगभर चालते, तिच्या १९९३ च्या आवृत्तीनुसार घरच्यासाठी धान्य दळणं हे उत्पादन आहे. विहिरीवरून पाणी आणणं हेही उत्पादन. पण त्या पिठाची त्या पाण्यात भिजवून भाकरी केली, तर ते उत्पादन नाही. भाकरी खाल्ल्यावर ताट घासलं तर तेही नाही. वस्तू मोजायची, घरातली सेवा मोजायची नाही, अशी ती रेघ आहे. रेघ कुठेतरी मारावी लागते हे मान्य, पण ती बरोबर परातीच्या काठावर पडली आहे.

आपल्या न्यायालयांपुढे घरकामाची किंमत ठरवण्याचा प्रश्न मुख्यतः अपघाती मृत्यूच्या भरपाईत आला. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या तक्त्यात कमाई नसलेल्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरलं होतं. म्हणजे नवऱ्याचा पगार वाढला की बायकोच्या स्वयंपाकाची किंमत वाढली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात २००१ च्या जनगणनेवर बोट ठेवलं. त्या जनगणनेत सुमारे ३६ कोटी बायका काम न करणाऱ्यांत, भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्या होत्या.

देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण पहिल्यांदा २०१९ मध्ये झालं. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ निघाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. तेही त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांचा. असे पुरुष होते शंभरात २६. बायका ८१. पाणी आणणं आणि सरपण गोळा करणं या मिनिटांत धरलेलंच नाही, ते वरच्या रेघेमुळे दुसऱ्या रकान्यात जातं. २०२४ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा बायकांची मिनिटं २८९ वर आली होती. मधल्या काळात गॅस, नळ, मिक्सर, मशीन वाढलं, त्याचा हा परिणाम म्हणावा, किंवा भार थोडा वाटला गेला असं म्हणावं, तर त्याच मोजणीत पुरुषांची मिनिटंही ९७ वरून ८८ झाली आहेत.