पेवात सापडलेला पूर्वज: युरोपातल्या पहिल्या माणसांच्या शोधाची पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये उत्तर स्पेनमधल्या आतापुएर्काच्या उत्खननातून मिळालेल्या एका अर्ध्या चेहऱ्याची बातमी जगभर पोचली. गालाचं हाड आणि वरच्या जबड्याचा डावा भाग, एवढाच तो अवशेष. संशोधकांनी त्याला ‘पिंक’ असं नाव ठेवलं आहे. वय ११ ते १४ लाख वर्षं. पश्चिम युरोपात सापडलेला हा सर्वांत जुना मानवी चेहरा. पण ‘युरोपातला पहिला माणूस’ हा मान याआधी कितीतरी हाडांना मिळाला आणि मग काढून घेतला गेला. प्रत्येक वेळी नवीन पुराव्याइतकाच जुना समज आड आला. आधी मेंदू मोठा झाला, मग माणूस शहाणा झाला आणि मग तो जग पालथं घालायला निघाला, असा तो समज. युरोपातल्या जीवाश्मांचा इतिहास मला तरी मुख्यतः हा समज मोडण्याचा इतिहास वाटतो.

सुरुवात माणसापासून होत नाही, माकडांपासून होते. माणसाचे किंवा माकडांचे खरे जीवाश्म अजून कुठेच मिळालेले नाहीत, असं फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए शेवटपर्यंत मानत होता. तो १८३२ मध्ये वारला. पाचच वर्षांनी एदुआर लार्ते याने दक्षिण फ्रान्समधल्या सांसाँ इथून माकडाचा जबडा जाहीर केला. विशेष म्हणजे त्याच एक-दोन वर्षांत आपल्याकडच्या शिवालिक टेकड्यांतूनही माकडांचे जीवाश्म बाहेर येत होते. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख ह्यू फॉकनर आणि पुढे गंगेचा कालवा बांधणारा प्रॉबी कॉटली हे त्या कामातले दोन मोठे कार्यकर्ते. फॉकनर हे नाव लक्षात ठेवावं, कारण युरोपच्या गोष्टीत तो पुन्हा येतो.

१८५६ हे वर्ष मोठं नशीबवान. त्या वर्षी लार्तेने पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या सें-गोदाँस इथल्या जबड्याला ड्रायोपिथेकस हे नाव दिलं. हा शेपूट नसलेला कपी, म्हणजे चिंपांझी-गोरिलांच्या नातेवाइकांपैकी. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एका गुहेत जाड भुवईची कवटी आणि हाडं मिळाली. गुहेतल्या अस्वलाची असावीत म्हणून ती फेकली जात होती. योहान फुलरोट या शाळामास्तराने ती माणसाची आहेत हे ओळखलं, म्हणून ती वाचली.

मग सुरू झाली टाळाटाळ. एका शरीररचनातज्ज्ञाने ही हाडं १८१४ च्या युद्धातल्या, मुडदूस झालेल्या रशियन कोसॅक घोडेस्वाराची ठरवली. रुडॉल्फ फिर्चोसारख्या नामांकित डॉक्टरने ती रोगट माणसाची म्हणून बाजूला सारली. दरम्यान जिब्राल्टरमध्ये १८४८ मध्येच तशीच एक कवटी मिळून पडली होती आणि कोणाला तिचं महत्त्व कळलं नव्हतं. ती इंग्लंडला आली तेव्हा पाहणाऱ्यांत फॉकनर होता. शिवालिकची हाडं हाताळून नजर तयार झालेला हा माणूस; त्याने जिब्राल्टरच्या ‘काल्पे’ या प्राचीन नावावरून त्या मानवाला नाव सुचवलं. पण १८६४ मध्ये विल्यम किंगने जर्मन हाडांवरून ‘होमो निअँडरथलेन्सिस’ हे नाव जाहीर केलं आणि तेच टिकलं. दोन कवट्या दोन ठिकाणच्या, ठेवण मात्र एकच. रोगट कोसॅकची कल्पना तिथेच संपायला हवी होती. संपली नाही.

माणसाचे पूर्वज बहुधा आफ्रिकेत राहत असावेत, असं डार्विनने १८७१ मध्ये लिहिलं खरं, पण लगेच त्याला लार्तेचा ड्रायोपिथेकस आठवला. माणसाएवढे मोठे कपी जर युरोपातही होते, तर तर्क लढवण्यात अर्थ नाही, असं तो म्हणाला. त्याची ही शंका रास्त होती. सव्वा कोटी वर्षांपूर्वीचा युरोप उबदार, दाट रानांचा होता आणि त्यात अनेक जातींचे कपी नांदत होते. बार्सिलोनाजवळ २००२ मध्ये मिळालेला पिएरोलापिथेकस सुमारे १.२ कोटी वर्षांपूर्वीचा. बव्हेरियातला, २०१९ मध्ये जाहीर झालेला डॅन्युव्हियस १.१६ कोटी वर्षांपूर्वीचा. साधारण ९६ लाख वर्षांपूर्वी पश्चिम युरोपातली सदाहरित रानं विरळ होऊ लागली आणि हे कपी संपत गेले. आफ्रिकी कपींचे पूर्वज युरोपातूनच परतले, असं काही संशोधक मांडतात. बहुतेकांना ते पटलेलं नाही. एवढं मात्र नक्की की माणूस युरोपात आला तेव्हा तिथे एकही कपी उरलेला नव्हता. त्या भूमीवर त्याचं माहेर नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायडेलबर्गजवळच्या माउअर गावच्या वाळूच्या खाणीवर ओटो शोएटेन्सॅक यांनी जवळजवळ वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं. जनावरांची हाडं निघतात, तर कधीतरी माणसाचंही निघेल, ही आशा. २१ ऑक्टोबर १९०७ रोजी डानिएल हार्टमान या मजुराच्या फावड्याखाली खालचा जबडा आला. हनुवटी नाही, हाड भलतंच जाड, दात मात्र आपल्यासारखे. त्यावरून १९०८ मध्ये ‘होमो हायडेलबर्गेन्सिस’ ही जात ठरली. त्या जबड्याचं वय आज सुमारे ६ लाख ९ हजार वर्षं मानलं जातं.

आणि मग १९१२. इंग्लंडमधल्या पिल्टडाऊनहून चार्ल्स डॉसनने मोठ्या मेंदूची कवटी आणि वानरासारखा जबडा पुढे आणला. विद्वानांना हवं होतं नेमकं तेच मिळालं: मेंदू माणसाचा, तोंड वानराचं, आणि सापडलेला इंग्लंडात! हा धादांत बनाव होता. जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले, हाडं रंगवून जुनी केलेली. ते उघड व्हायला १९५३ उजाडलं. नुसत्या फसवणुकीपेक्षा तिने केलेलं नुकसान मला जास्त बोचतं. १९२५ मध्ये रेमंड डार्टने दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंग इथल्या बालकाच्या कवटीचा जीवाश्म जाहीर केला. मेंदू छोटा, दात मानवी वळणाचे, आणि दोन पायांवर चालण्याच्या खुणा. हे सगळं खरं होतं. पण पिल्टडाऊनच्या चौकटीत बसत नाही म्हणून कितीतरी वर्षं ते बाजूला पडलं.

एवढं होऊनही मेंदूचा आग्रह सुटला नाही, त्याने फक्त रूप बदललं. माणूस आफ्रिकेत घडला हे मान्य झालं. पण आफ्रिकेबाहेर पडायला मोठा मेंदू, लांब पाय आणि हातकुऱ्हाडीसारखी सुबक हत्यारं लागलीच असणार, असं गृहीत धरलं गेलं. युरोपात तर ५ लाख वर्षांआधीच्या मानवी वस्तीचा भक्कम पुरावाच नाही, असं दोन डच संशोधकांनी १९९४ मध्ये मांडलं. योगायोग असा की त्याच वर्षी जुलैमध्ये आतापुएर्कातल्या ग्रान दोलिना गुहेत ८ लाख वर्षांहून जुनी माणसाची हाडं मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीच्या रेल्वेसाठी डोंगर चिरला गेला होता, त्या चरामुळेच हे थर उघडे पडले होते. १९९७ मध्ये या माणसांना ‘होमो अँटेसेसर’ हे नाव मिळालं.

पण गृहीतक मुळापासून हादरलं ते पूर्वेला, युरोपच्या उंबरठ्यावर. जॉर्जियात तिबिलिसीच्या नैर्ऋत्येला द्मानिसी नावाचं मध्ययुगीन गाव आहे. आज तिथे उरले आहेत ते अवशेष. पुरातत्त्वज्ञ १९३० च्या दशकापासून तिथे मध्ययुगीन वस्ती खणत होते. तिथल्या लोकांनी धान्य साठवायला जमिनीत पेवं खणली होती, अगदी आपल्याकडे खणत तशी. १९८३ मध्ये अशाच एका पेवाच्या कडेला गेंड्याचं हाड दिसलं. जॉर्जियात गेंडा? अबेसालोम व्हेकुआ यांनी तो लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या जातीचा असल्याचं ओळखलं. म्हणजे पेव खणणाऱ्या शेतकऱ्यांनी नकळत आदिमानवाच्या थरातच धान्य साठवलं होतं. पुढच्याच वर्षी दगडी हत्यारं मिळाली आणि १९९१ मध्ये, खंजिरी सुळ्यांच्या मार्जाराच्या सांगाड्याखालून, माणसाचा खालचा जबडा.

तो जबडा जर्मनीतल्या परिषदेत दाखवला तेव्हा लोकांना पटेना. इतका जुना, इतका धड जबडा, आणि तोही कॉकेशसमधून? सोव्हिएत संघ कोसळत होता, जॉर्जियात यादवी पेटली होती, उत्खननाला पैसा नव्हता. तरीही लेओ गाबुनिया, व्हेकुआ आणि तरुण डेव्हिड लॉर्डकिपानिद्झे यांनी काम सोडलं नाही. १९९९ मध्ये दोन कवट्या निघाल्या आणि तोंडं बंद झाली. थराखाली बेसॉल्ट आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगड. लाव्हाचं वय मोजता येतं, म्हणून कालगणना पक्की झाली: लाव्हा १८.५ लाख वर्षांपूर्वीचा, हाडं सुमारे १७.७ लाख वर्षांपूर्वीची.

आज तिथल्या पाच कवट्या हाती आहेत. त्यांतल्या मेंदूचं आकारमान ५४६ ते ७३० घन सेंटीमीटर. आपलं साधारण १३५०. उंची दीड मीटरच्या आसपास. हत्यारं म्हणजे गोट्यांच्या कपच्या उडवून केलेल्या धारा, हातकुऱ्हाडी नाहीतच. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर ही माणसं आफ्रिकेतून निघून लेव्हांट, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याच्या प्रदेशातून, कॉकेशसपर्यंत पोचली होती. मोठ्या मेंदूची अट त्यांनी पाळलीच नव्हती.

त्या पाचांपैकी एक कवटी मला सर्वांत जवळची वाटते. तिच्या जबड्यात एकच दात उरला आहे. बाकीच्या दातांच्या खोबणी हाडाने बुजून सपाट झाल्या आहेत. हाड असं भरून यायला वेळ लागतो, तेव्हा दात गेल्यावरही तो माणूस काही वर्षं जगला. त्याला कोणी मऊ अन्न भरवत होतं, की तो स्वतःच दगडाने मांस ठेचून खात होता, यावर वाद आहे. पण हाडांतला मगज आणि ठेचलेलं मांस जिथे वाटून खाल्लं जात होतं, अशा टोळीतच तो टिकला असणार, असं मला वाटतं. वाघाच्या जातीचे दोन-तीन प्रकारचे शिकारी आजूबाजूला असताना.

द्मानिसीनंतर युरोपातून आणि त्याच्या आसपासच्या भागांतून पुरावे येत गेले. २००७ मध्ये आतापुएर्कातल्याच सिमा देल एलेफांते या खड्ड्यातून १२ लाख वर्षांचा जबडा. तुर्कस्तानातल्या कोजाबाशजवळ ट्रॅव्हर्टिन या चुनखडीच्या दगडाच्या खाणीत फरशा कापताना करवतीखाली आलेली कवटी. युक्रेनमधल्या कोरोलेव्हो इथली हत्यारं २०२४ मध्ये १४ लाख वर्षांची ठरली. रोमानियातल्या ग्राउन्चानू इथे प्राण्यांच्या हाडांवर हत्याराचे चरे दिसले, साडेएकोणीस लाख वर्षांपूर्वीचे. माणसाचं हाड मात्र तिथे नाही. पूर्वेकडून पश्चिमेकडे अशी वाट यातून दिसते, पण ती अखंड वस्तीची वाट नव्हे. पोर्तुगालजवळच्या समुद्रतळातला गाळ सांगतो की सुमारे ११ लाख वर्षांपूर्वी कडाक्याची थंडी पडली आणि ती हजारो वर्षं टिकली. पिंकचे लोक बहुधा तेव्हाच संपले आणि पुढे आलेले अँटेसेसर हे वेगळेच पाहुणे होते.

त्या वस्तीच्या खुणा किती सहज पुसल्या जातात याची कल्पना इंग्लंडच्या हॅपिसबर्ग किनाऱ्याने दिली. २०१३ च्या मे महिन्यात वादळी लाटांनी वाळू ओढून नेली आणि खालच्या गाळावर मोठ्यांची-मुलांची पावलं उघडी पडली, किमान साडेआठ लाख वर्षांपूर्वीची. संशोधकांनी घाईघाईने छायाचित्रं घेतली. दोन आठवड्यांत समुद्राने ती पुसून टाकली.

द्मानिसीतलं उत्खनन चालूच आहे. २०२२ मध्ये तिथून जवळच्या ओरोझमानी गावाजवळ एका विद्यार्थ्याला माणसाचा एक दात मिळाला. वय १८ लाख वर्षं.