एकाच गाडीतले दोघे

२०१९च्या फॉर्म्युला वन हंगामात विल्यम्स संघाचे दोन चालक होते. जॉर्ज रसेल अगदी नवखा, आणि रॉबर्ट कुबित्सा आठ वर्षांहून जास्त काळानंतर परतलेला. वर्षभरात २१ शर्यती झाल्या, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या २१ पात्रता फेऱ्या. एकवीसच्या एकवीस वेळा रसेल पुढे. आणि वर्षाच्या शेवटी गुण किती? कुबित्सा १, रसेल ०.

तो एक गुण आला जर्मनीतल्या हॉकेनहाइमच्या पावसात. दोघेही गुणांच्या बाहेरच होते. पण शर्यत संपल्यावर अल्फा रोमिओ संघाच्या दोन्ही गाड्यांना क्लचच्या नियमभंगाबद्दल ३० सेकंदांची शिक्षा झाली, त्या खाली घसरल्या आणि कुबित्सा दहावा ठरला. रसेल त्याच्या लगेच मागे, अकरावा. गुण दहाव्यापर्यंतच मिळतात. गुणतक्ता बघून चालक निवडायचा तर कुबित्सा घ्यावा लागेल, आणि अख्ख्या पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या तळावर, तसं म्हणणारा एक माणूस सापडला नसता.

फॉर्म्युला वनमध्ये वेळ गाडीची असते की माणसाची, हा सनातन प्रश्न आहे. दोन संघांच्या गाड्यांत एका लॅपला (ट्रॅकच्या एका फेरीला) सेकंदाचा फरक सहज असू शकतो. दोन चालकांत तो बहुधा दशांश सेकंदाचा असतो. पर्वताशेजारी खडा मोजायचा तसं हे काम. यावरची युक्ती शाळेतल्या वजाबाकीइतकी सोपी आहे. दोघांना सारखीच गाडी दिलेली असेल, तर एकाच्या वेळेतून दुसऱ्याची वेळ वजा करा. गाडी दोन्हीकडे सारखी म्हणून ती कटते, उरतो माणूस. म्हणून टीममेट हा चालकाचा पहिला प्रतिस्पर्धी मानला जातो. मागच्या रांगेतल्यांना तर दुसरा मापदंडच नाही. भारताचा नारायण कार्तिकेयन २०१२ साली एचआरटी संघाची गाडी चालवत होता. ऑस्ट्रेलियात तो आणि त्याचा टीममेट पेद्रो दे ला रोसा दोघेही १०७ टक्क्यांच्या अटीत (सर्वात वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत लॅप हवी) बसले नाहीत, शर्यतीत उतरूच शकले नाहीत. अशा गाडीत बसलेल्याची तुलना विजेत्याशी काय करणार? ती दे ला रोसाशीच होणार.

मग शर्यत सोडून पात्रता फेरीच का? शर्यतीत पिट स्टॉप (टायर बदलायचा थांबा), सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालायला लावणारी गाडी), पुढच्या गाडीमागे अडकणं, असा नाना तऱ्हेचा गोंधळ असतो. पात्रता फेरीत इंधन कमीत कमी, टायर कोरे, आणि पूर्ण ताकदीची एकच लॅप. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या घाटांत बैलगाडा पळतो तो असाच: एका वेळी एकच बारी, बरोबरीने पळणारं कुणी नाही, फक्त घड्याळ.

घड्याळ मात्र नीट वाचावं लागतं. डिसेंबर २०२०मध्ये लुईस हॅमिल्टनला कोविड झाला आणि बहरीनच्या साखीर शर्यतीसाठी मर्सिडीजने रसेललाच विल्यम्समधून उचलून आणलं. कॉकपिटमध्ये पाय मावेनात, म्हणून बूट एक नंबर लहान घालावे लागले. त्या अवस्थेत तो व्हाल्टेरी बोटासच्या मागे राहिला ०.०२६ सेकंदाने. बोटास ५३.३७७, रसेल ५३.४०३. अंतरात सांगायचं तर हा फरक साधारण १.७ मीटर, आणि गाडीच पाच मीटरहून लांब असते. पण साखीरचा तो बाहेरचा ट्रॅक जेमतेम साडेतीन किलोमीटरचा. बेल्जियमचा स्पा सात किलोमीटरचा. साखीरचे ०.०२६ सेकंद म्हणजे लॅपच्या वेळेच्या सुमारे ०.०५ टक्के, तोच टक्का स्पाला लावला तर ०.०५ सेकंद होतात, जवळजवळ दुप्पट. म्हणून जाणकार सेकंदांत न बोलता टक्क्यांत बोलतात.

आता धावफलकाकडे येऊ. टीव्हीवर आणि समाजमाध्यमांवर दिसतो तो आकडा ‘१५–९’ अशा थाटाचा असतो: पंधरा वेळा हा पुढे, नऊ वेळा तो. दिसायला एकतर्फी. पण दोन चालक अगदी तंतोतंत सारखे आहेत आणि प्रत्येक शनिवारी, म्हणजे पात्रता फेरीच्या दिवशी, नाणं उडवून कोण पुढे ते ठरतंय, असं धरून हिशेब करून पाहा. २४ शर्यतींच्या हंगामात दोघांपैकी एकाच्या बाजूने १५–९ किंवा त्याहून मोठा निकाल लागण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के निघते. दहा संघ असतील तर तिघांत असा ‘एकतर्फी’ निकाल निव्वळ नाण्याने लागेल, आणि त्यावर तीन चालकांची करिअर संपल्याच्या चर्चा रंगतील. १८–६ असेल तर मात्र शक्यता सव्वादोन टक्क्यांवर येते. तिथे कान टवकारावेत. आणि २१–० नाण्याने पडायला साडेदहा लाखांत एखादी वेळ लागते. रसेल-कुबित्साबद्दल त्यामुळे शंकाच नको.

दुसरी गोची अशी की धावफलक कारण सांगत नाही. २०२३मध्ये रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टॅपन आणि सर्जिओ पेरेझ यांचा निकाल २०–२ होता. पेरेझचे ते दोन विजय बघा. सौदी अरेबियात व्हर्स्टॅपनच्या गाडीचा ड्राइव्हशाफ्ट (चाकांना ताकद पोचवणारा दांडा) फेरीच्या तीनपैकी दुसऱ्या टप्प्यातच मोडला. मायामीत त्याची पहिली लॅप स्वतःच्या चुकीने गेली आणि दुसरी सुरू असताना शार्ल लक्लेर भिंतीवर आदळल्याने लाल बावटा आला, फेरी थांबली. दोन्ही वेळा पोल, म्हणजे सगळ्यांच्या पुढे सुटायची जागा, पेरेझची. पेरेझने काही चोरलं नाही, पण हे दोन विजय वेगाचे म्हणून मोजायचे का?

इथे दहावीच्या सांख्यिकीचा धडा कामाला येतो. समजा पाच शर्यतींत पहिला चालक टीममेटपेक्षा अनुक्रमे ०.१०, ०.१५, ०.०८ आणि ०.१२ टक्के पुढे आहे, आणि पाचव्यात पाऊस ऐन वेळी आल्याने २.४० टक्के मागे. सरासरी काढलीत तर तो ०.३९ टक्क्यांनी हळू ठरतो! पाचातल्या चार वेळा जिंकूनही. एका पावसाने चार शनिवार धुऊन नेले. आता आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला उचला: ०.१० टक्के पुढे. हाच तो मध्यक. परीक्षेपुरता पाठ करून विसरलेला हा मध्यक टीममेटच्या तुलनेत सरासरीपेक्षा फार शहाणा असतो, कारण टोकाच्या एका आकड्याने तो हलत नाही.

लॅप कुठली धरायची, यातही गंमत आहे. २००६पासून पात्रता फेरी तीन टप्प्यांत होते. एक चालक पहिल्याच टप्प्यात बाद झाला आणि दुसरा तिसऱ्यापर्यंत पोचला, तर त्यांच्या सर्वोत्तम वेळा शेजारी ठेवणं अन्यायाचं. दर टप्प्यागणिक ट्रॅकवर टायरचं रबर बसत जातं, पकड वाढते, आणि शेवटी शेवटी गाड्या काही न करताही वेगवान होतात. म्हणून दोघेही ज्या शेवटच्या टप्प्यात उतरले, त्याच टप्प्यातल्या वेळा घ्यायच्या. तरीही एक जण आधी निघालेला असतो, एक नंतर. इटलीतल्या मोंझासारख्या सरळसोट ट्रॅकवर पुढच्या गाडीच्या मागे हवेचा अडसर कमी होतो, त्या ‘टो’चा फायदा एकाला मिळतो, दुसऱ्याला नाही. नवा पुढचा पंख एकच तयार झाला असेल तर तो एकाच गाडीला लागतो. ‘सारखीच गाडी’ हे गृहीतक मग बरंच ढिलं होतं.

२००३ ते २००९ या काळातले आकडे तर मी फारच जपून वापरतो. तेव्हा पोल ठरवणारी लॅप शर्यतीचं इंधन भरूनच मारावी लागे. दहा किलो इंधन जास्त असेल तर लॅपला अंदाजे ०.३ सेकंद जातात, म्हणजे टीममेटमधला सगळा फरक नुसत्या टाकीतूनही येऊ शकतो. २००७ला हंगेरीत काय झालं ते आठवा. मॅक्लारेनमध्ये एक जादा लॅप कुणाला मिळणार हे आळीपाळीने ठरे, आणि त्या दिवशी पाळी फर्नांडो अलोन्सोची होती. हॅमिल्टनने त्याला पुढे जाऊ दिलं नाही. शेवटच्या थांब्यावर अलोन्सोला निघायची खूण झाली, तरी तो सुमारे दहा सेकंद जागचा हलला नाही. मागे हॅमिल्टन ताटकळत. हॅमिल्टन बाहेर पडला तेव्हा शेवटची लॅप सुरू करायला वेळच उरला नव्हता. सगळ्यात कमी वेळ अलोन्सोची, मग पाच जागांची शिक्षा होऊन तो सहावा. तक्त्यात ही नोंद कशी करायची? एक शून्य अलोन्सोच्या बाजूने? मी तर ती ओळ सरळ खोडेन.

आकडा शंभर टक्के खरा असला तरी तो काय मोजतो, हे पाहावंच लागतं. १९८८, मोनॅकोची पात्रता फेरी. आयर्टन सेना १:२३.९९८, त्याच मॅक्लारेनमध्ये अलान प्रोस्ट १:२५.४२५. जवळजवळ दीड सेकंद, १.७ टक्के! त्या वर्षी १६पैकी १३ पोल सेनाच्या आणि दोन प्रोस्टच्या. पण विजय आठ आणि सात. एकूण गुण प्रोस्टचे १०५, सेनाचे ९४. सर्वोत्तम अकराच निकाल धरायचा नियम होता म्हणून विजेतेपद सेनाकडे गेलं. प्रोस्ट सरावाचा वेळ रविवारची गाडी जुळवण्यात घालवी, आणि तेव्हा शनिवारनंतर गाडीत बदल करायला मुभा होती. म्हणजे तो दीड सेकंद सगळा पायातला नव्हता; काही भाग कशाला महत्त्व द्यायचं या निवडीतला होता. मोनॅकोची ती शर्यत प्रोस्टने जिंकली. सेना ६७व्या लॅपला, आघाडीवर असताना, पोर्तिएच्या वळणावर कठड्यात.

या तुलनांची साखळी जोडण्याचा मोह मात्र कुणालाच आवरत नाही. रसेल कुबित्सापेक्षा इतका पुढे. २००८मध्ये बीएमडब्ल्यूत कुबित्सा निक हायडफेल्डच्या बहुतेक वेळा पुढे. हायडफेल्ड २००१मध्ये किमी रायकोनेनचा टीममेट. तीन बेरजा केल्या की रसेल आणि रायकोनेन यांच्यातला फरक दशांशात हजर, दोघे कधी एका संघात नसूनही. संगणकावर अशी अख्ख्या इतिहासाची जाळी विणता येतात. त्यातला प्रत्येक दुवा धरून चालतो की मधला माणूस दोन्ही टोकांना तोच आहे.

फेब्रुवारी २०११मध्ये इटलीतल्या एका रॅलीत कुबित्साच्या गाडीत कठड्याची लोखंडी पट्टी घुसली. उजव्या हाताला इतकी जबर इजा झाली की तो हात पुन्हा पहिल्यासारखा वळला नाही. २०१९च्या विल्यम्समध्ये स्टिअरिंगचं बहुतेक काम तो डाव्या हाताने करत होता.